रिकामा पाट

१

हिंगोलीच्या मोंढ्यामागे हळदीचं एक जुनं गोदाम होतं. अडत्यानं ते कधीच सोडलं होतं, हळदीनं मात्र सोडलं नव्हतं. भिंतींना चुना दिला, फरशी सोड्यानं घासली, तरी फटीफटीतून पिवळी भुकटी झिरपत राहायची. असल्या जागेत कॉम्प्युटर बसवायचं ज्या कुणाला सुचलं, त्याला लांबूनच नमस्कार केलेला बरा. धूळ म्हणजे त्या यंत्राचा काळ. पण भिंती जाड होत्या, भाडं थोडकं होतं, आणि सरकारी प्रकल्पाला तेवढं पुरतं.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. पूर्णेच्या पुराचा अंदाज आधी लागावा म्हणून परदेशी मदतीतून दोन मशिनं आली होती. एक या गोदामात, दुसरं सिद्धेश्वरच्या धरणावरच्या खोलीत. दोन्हींच्या मधे टेलिफोनसारखी तार, आणि दोन्हींवर युनिक्स नावाची एक व्यवस्था. साहेब आणि दोन ऑपरेटर सोडले तर तालुक्यात त्या नावाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

हिंगोलीचा ऑपरेटर संतराम खिल्लारे. त्याच्या घराण्यात पगाराच्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस तो. ज्या गोदामात त्याच्या मायनं, सोजराबाईनं, उभ्या हयातीत हळद निवडली, त्याच गोदामात लेक पंख्याखाली नव्हे तर थंड हवेच्या यंत्राखाली बसायचा. याचा तिला एवढा अभिमान होता की बाजारात भाव विचारता विचारताही ती ते सांगून टाकायची. लेकाच्या नखांच्या कडा पिवळ्या झालेल्या असत, चपलांचे तळवेही पिवळे. बायको चांगुणा त्याला चिडवायची की लग्नातली हळद अजून उतरलीच नाही.

काम रोजचंच होतं. धरणावर पाऊस किती, पाणी किती, हे तिकडच्या डिस्कवर लिहिलेलं असे. डिस्क म्हणजे परातीएवढ्या तबकड्यांची चळत, कपाटाएवढ्या पेटीत घूं घूं करत फिरणारी. ती काही उचलून हिंगोलीला आणायची नव्हती. इकडच्या मशीनमधे एक रिकामा कप्पा करायचा, त्याला नाव द्यायचं, आणि तारेवरून तिकडच्या डिस्कला सांगायचं की ये, इथं बस. मग ती इथलीच असल्यासारखी उघडायची. इंग्रजीत याला माउंट करणं म्हणतात. संतरामनं त्याचं मराठी करून टाकलं होतं. कप्पा म्हणजे पाट. पाट मांडायचा, डिस्क बसवायची, काम झालं की उठवायची. धरणावरचा ऑपरेटर धर्मसिंग राठोडही तेच बोलू लागला, आणि शेवटी साहेबसुद्धा फोनवर विचारू लागले, बसली का?

यात ध्यानात ठेवायच्या गोष्टी दोनच. पाटावर आधीचं काही असेल तर बसलेल्या डिस्कखाली ते झाकलं जातं. पुसलं जात नाही, असतं तिथंच, पण डिस्क उठेपर्यंत कुणाला दिसत नाही. आणि आत कुणी बसलेलं असेल तर डिस्क उठत नाही. मशीन सरळ सांगतं, बिझी. हैदराबादच्या ट्रेनिंगमधे संतराम असाच एकदा घामाघूम झाला होता. पुन्हा पुन्हा उठवतोय, पुन्हा पुन्हा बिझी. शेवटी मास्तर मागून म्हणाले, "मियाँ, आपही तो अंदर बैठे हैं." हा किस्सा तो आल्यागेल्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

घरी सोजराबाईचा वेगळाच नियम होता. जेवण झालं की पाट तिथल्या तिथं भिंतीला लागला पाहिजे. मांडलेला पाट रिकामा दिसला की ती कासावीस व्हायची. म्हणायची, "उचल बाबा. रिकामा पाट पाहून कोनी बी येऊन बसतं." संतराम हसून उचलायचा.

उन्हाळ्यात तार जोडली तेव्हा तो चाचणीसाठी धरणावर गेला होता. तिथल्या मशीनमधे त्यानं एक पाट मांडला, गंमत म्हणून त्याला स्वतःचंच नाव दिलं, हिंगोलीची डिस्क त्यावर बसवून पाहिली, उठवली, आणि एसटी चुकेल म्हणून घाईघाईनं निघाला. तो पाट उचलायचा राहिला.

२

भादव्यातली एक दुपार. नोंदी वाचून झाल्या, संतरामनं सवयीनं डिस्क उठवायला सांगितलं. टाइपरायटरसारखं ते टर्मिनल कागदावर खडखडलं: बिझी.

आपण आतच राहिलो असू, असं समजून त्यानं पाहिलं. तो आत नव्हता. मग कोण बसलंय ते विचारलं. मशीननं नाव छापलं, संतराम. एकदा हिंगोलीत, ते बरोबरच होतं. आणि एकदा सिद्धेश्वरला.

त्यानं त्याच तारेवरचा फोन फिरवला. बराच वेळ वाजला, मग धर्मसिंग धापा टाकत आला. तो दरवाजांकडे पाणी मोजायला गेला होता, खोलीला कुलूप होतं. माझ्या नावानं तिथं कोण बसलंय, असं संतरामनं विचारलं. धर्मसिंग म्हणाला की कुणी नाही, खुर्ची रिकामी आहे. एवढं बोलून तो थांबला, आणि त्या थांबण्यात संतरामला काहीतरी खटकलं.

खटकायला कारण होतं. दोघंही हंगामी होते आणि प्रकल्पात कायमची जागा एकच निघणार होती. साहेब दिवाळीआधी एकाचं नाव परभणीच्या जिल्हा कचेरीला कळवणार होते. ती जागा मिळाली तर संतरामला पक्कं घर बांधता येणार होतं, मायच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढता येणार होता. नाही मिळाली तर पुन्हा मोंढ्यात पोती मोजायची. धर्मसिंग माणूस वाईट नव्हता. पण पोटाशी गाठ पडली की चांगल्या माणसाचंही काही सांगता येत नाही, असं संतरामला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. माझ्या नावानं आत शिरायचं, नोंदीत घोळ घालायचा, आणि बिल माझ्यावर फाडायचं. दुसरं काय असणार?

त्यानं आपला परवलीचा शब्द बदलला. नवा शब्द कुणालाही सुचणार नाही असा होता, त्याच्या मेलेल्या बैलाचं नाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश्वरला संतराम बसलेला होता.

३

घोळ झाला असता तर बरं झालं असतं. झालं उलटंच. साहेबांनी त्याला बोलावलं आणि पाठ थोपटली. पावसाचे जुने आकडे कुणी इतके नीट लावून ठेवले नव्हते, चुका शोधून काढल्या होत्या, गेल्या वर्षीच्या पुराशी ताडून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, "खिल्लारे, असंच चालू ठेवा."

संतराम मान हलवून बाहेर आला. त्यातलं एक अक्षरही त्यानं केलं नव्हतं. त्याच्या नावानं कुणीतरी त्याचं काम करत होतं, आणि त्याच्यापेक्षा बरं करत होतं. चोरानं घरात शिरावं आणि भांडी घासून ठेवून जावं, तशातली गत. याची तक्रार करायची तरी कुणाकडे, आणि कोणत्या तोंडानं?

त्यानं ते आकडे उघडून वाचले. मांडणी त्याचीच होती. दोन रकान्यांमधे जास्तीची जागा सोडायची त्याला खोड होती, ती जागासुद्धा सोडलेली. धर्मसिंगला एवढं कुठून माहीत, असा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. महिनोन्‌महिने आपलं काम पाहतोय तो, उचलली असेल नक्कल. उत्तर पटण्यासारखं होतं. तरी त्या दुपारी त्यानं ते आकडे पुन्हा एकदा, पहिल्यापासून वाचून काढले.

शिपाई जळबा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. त्याच्या हातात दोन पेले होते. संतरामनं दुसरा कुणाचा म्हणून विचारलं. जळबानं खोलीभर पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुमी दोघं बोलून राहिले ना हितं. मला आवाज आला." मग तो आपल्याशीच हसला, दुसरा पेला त्यानं स्वतः पिऊन टाकला.

४

त्या संध्याकाळी संतराम मुद्दाम थांबला. सिद्धेश्वरचं ते नाव उठतं कधी, तेवढं पाहायचं होतं. दिवेलागणीला ते उठलं. हाही मग मशीन झाकून, कुलूप लावून, स्टेशनापलीकडच्या वस्तीत घरी आला.

चूल विझली होती. पाट भिंतीला लागले होते. सोजराबाई खाटेवर सुपारी कातरत होती. त्यानं चपला काढून भाकरी मागितली तेव्हा ती हसली.

"पुन्ना? आत्ताच तर जेवलास ना लेका. आज लई दिसानं पोटभर जेवलास. बापाच्या गोष्टी काय सांगून राहिला व्हतास, मला रडूच आलं."

"कोणत्या गोष्टी?"

"त्या विहिरीच्या. मला वाटलं तू इसरून गेलास त्या."

विहिरीची कोणती गोष्ट, ते संतरामला आठवेना. मायच्या डोळ्यात पडदा आला होता, तिला संध्याकाळचं नीट दिसत नव्हतं, वयही झालं होतं. कालचं आज वाटलं असेल. त्यानं स्वतःची अशी समजूत घातली आणि स्वयंपाकघरात गेला. चांगुणा तिथं खरकटी भांडी विसळत होती. ताटं तीन होती.

त्यानं विचारलं, कोण जेवलं इथं? ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला ती थट्टा वाटली आणि ती लाजली. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण ती त्याच्यासमोर अशी लाजल्याचं त्याला आठवत नव्हतं. म्हणाली, "रोज अशेच लवकर येत जा. चांगलं वाटते."

संतरामच्या मनात त्या क्षणी जे आलं, ते घाणेरडं होतं. मायला दिसत नाही, याचा फायदा घेऊन घरात कुणी येतं. बायकोला ते ठाऊक आहे. ती खोटं बोलतेय, आणि लाजतेयसुद्धा. धर्मसिंगचा चेहरा त्याच्या डोळ्यापुढे आला, आणि त्यानं तिचा हात धरला, जरा जोरातच. ती घाबरून हात सोडवू लागली. त्याच्या मुठीतलं तिचं मनगट ओलं होतं. ताटांच्या खरकट्या पाण्यावर पिवळा तवंग होता. त्यानं ताट उचलून पाहिलं. कडेला, जिथं अंगठा टेकतो तिथं, हळदीचा ठसा होता. तो त्याच्याच अंगठ्याएवढा होता. त्यानं हात सोडला, आणि उपाशीच झोपला.

५

सकाळी तो गोदामात गेलाच नाही. डेपोतून औंढ्याची एसटी धरली, तिथून सिद्धेश्वर. कायम जागेचं नाव साहेब येत्या सोमवारीच परभणीला कळवणार होते, त्याच्याआत चोर धरायचा होता. वाटेत त्यानं मनातल्या मनात धर्मसिंगला पुष्कळ सुनावलं.

धर्मसिंग बांधावरच भेटला. तो चकित झाला नाही, हेच आधी खटकलं. त्यानं तोंड वाकडं केलं आणि संतरामनं काही बोलायच्या आत स्वतःच सुरू झाला.

"संतरामभाऊ, तुमाला काय तकलीफ हाय ते एकदा बोलून टाका. रोज येता, बसता, उठून जाता. मी रामराम केला तरी बोलत न्हाई. मी काय खाऊन टाकून राहिलो का तुमची जागा?"

संतरामला वाटलं, हा सवाई निघाला. उलट्या बोंबा मारतोय. त्यानं सांगितलं की उन्हाळ्यानंतर आपण धरणावर पाऊलही टाकलेलं नाही. धर्मसिंगनं मान हलवली. मी कुलूप लावून जातो, तो म्हणाला, आणि परत येतो तर तुमची पाठ. खिडकीतून दिसते. कुलूप उघडून आत जाईस्तोवर कुणी नसतं. पहिल्यांदा त्यालाही चोरीचाच वहीम आला होता. आपल्यावर नजर ठेवायला साहेबांनी संतरामला पाठवलं असेल आणि दुसरी किल्ली दिली असेल, असं त्याला वाटलं होतं. त्या दिवशी फोनवर तो थांबला होता, तो याचमुळे.

"मग विचारलं काहून न्हाई?"

"तुमचीच पाठ हाय ती. पन बसायची ढब..." धर्मसिंगला शब्द सापडेना. "लई नीट बसते."

दोघं खोलीकडे गेले. कुलूप जागेवर होतं. आत पेटी घूं घूं करत होती, टर्मिनलसमोर खुर्ची. टर्मिनलच्या बटणांवर बोटांचे पिवळे ठसे होते. धरणावर हळद कुठून येणार? तिथं होतं फक्त पाणी, दगड आणि मासे. खुर्चीखाली फरशीवर चपलांचे पिवळे ठसे होते, दाराकडे न जाणारे, दाराकडून न आलेले, फक्त खुर्चीपुरते.

संतरामनं आपल्या चपला पाहिल्या. नंतर त्यानं फोन उचलला आणि हिंगोलीला लावला. का लावला, ते त्याला सांगता आलं नसतं. आपण तिथं नाही, एवढं कुणीतरी म्हणावं, असं काहीसं.

जळबानं घेतला. आवाज ओळखला नाही, आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. संतरामनं घसा खाकरून खिल्लारे आहेत का म्हणून विचारलं.

"हायेत ना. सकाळधरनं मशीनवर बसून हायेत. देऊ का?"

तो नको म्हणायच्या आत फोन सरकल्याचा आवाज आला. मागे थंड हवेच्या यंत्राची घरघर, पलीकडे मोंढ्यातल्या बैलगाड्या. कुणीतरी फोन कानाला नीट लावला.

"हां, संतराम बोलतोय," पलीकडून आवाज आला.

संतरामनं फोन ठेवला नाही, पलीकडचंही ठेवून देईना. दोघांचा श्वास एकाच तारेवर चालू होता, आणि हा थांबला की तोही थांबत होता. शेवटी धर्मसिंगनं पुढं होऊन त्याच्या हातातून फोन काढला आणि खाली ठेवला.

६

त्याला तो पाट आठवला, तो तेव्हा. उन्हाळ्यात मांडलेला, आपल्याच नावाचा, न उचललेला.

तो खुर्चीवर बसला. आपल्या नावानं आत गेला आणि कुठल्या पाटावर काय बसलंय ते विचारलं. मशीननं सांगितलं. नेहमीचे पाट, नेहमीच्या डिस्का. आणि शेवटी संतराम नावाचा पाट. त्यावर कोणती डिस्क, ती जागा कोरी होती. बसलेलं होतं, पण कोणत्याही डिस्कवरचं नव्हतं.

धर्मसिंग त्याच्या खांद्यावरून वाचत होता. त्याच्या तोंडाला सकाळच्या तंबाखूचा वास येत होता, आणि तो माणसाचा वास त्या वेळी संतरामला फार आधाराचा वाटला. आपण याच्यावर कसला कसला संशय घेतला, या विचारानं त्याला लाज वाटली.

त्यानं उठवायला सांगितलं. बिझी.

पुन्हा सांगितलं. बिझी.

"आत कोनी बसून हाय," धर्मसिंग म्हणाला. मग तो जरासं हसला. "तुमीच तर न्हाई ना? तो हैदराबादचा मास्तर म्हनला व्हता तसं."

संतरामही हसायला गेला. किस्सा त्याला तोंडपाठ होता. पण तो ज्या खोलीत घडला ती खोली, त्या मास्तरचं तोंड, हैदराबादचा एखादा रस्ता, यातलं काही डोळ्यापुढे येईना. किस्सा होता फक्त, सांगून सांगून गुळगुळीत झालेला. त्यानं बापाचा चेहरा आठवून पाहिला. विहिरीची गोष्ट आठवून पाहिली. उन्हाळ्यातली एसटीची घाई लख्ख आठवत होती. त्याच्या आधीचं सगळं ऐकीव वाटत होतं.

मी कुठं आहे, हा प्रश्न युनिक्सला विचारता येतो. त्यानं विचारला. टर्मिनल खडखडलं आणि त्याचं नाव छापून थांबलं. तो त्या पाटावर होता. आपण होऊन त्या पाटावर न जाता, तो आतच होता.

झाकलेलं जे असतं ते आधीचं असतं. बसलेलं असतं ते नंतरचं, आणि बसलेला तर तो होता. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, तो स्वतःच लोकांना समजावत असे. पण माणसाचं मन मोठं चिवट. ते म्हणालं, मशीनला काय कळतंय, तू संतराम आहेस, सोजराबाईचा लेक आहेस, तुझ्या खुर्चीवर भलतंच कुणी बसलंय आणि सोमवारी तुझी जागा घेणार आहे. त्याला उठव. चांगुणाचं ओलं मनगट त्याला आठवलं, आणि तिचं ते लाजणं, जे त्याच्यासाठी नव्हतं. तेवढ्यावरच त्याची बोटं हलली.

तो पाटावरून बाहेर आला. आता आत कुणी नव्हतं. त्यानं उठवायला सांगितलं.

मशीन काहीच बोललं नाही. युनिक्सची ती रीतच आहे, काम बिनबोभाट झालं की ती गप्प राहते. पेटीची घूं घूं क्षणभर खाली उतरली आणि पुन्हा लागली.

"उठली बघा," संतराम म्हणाला आणि हसत मागं वळला.

धर्मसिंग दोन पावलं मागं सरकला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहावं तसा तो पाहत होता.

"कोन पायजे तुमाला?" त्यानं विचारलं. "हितं बाहेरच्या मानसाला येता येत न्हाई, भाऊ."

संतरामला थट्टा वाटली. मग वाटली नाही. तेवढ्यात फोन वाजला. धर्मसिंगनं उचलला आणि त्याचं तोंड खुललं.

"व्हय संतरामभाऊ. उठली, आत्ताच उठली... न्हाई, कोनी न्हाई. एक पाव्हणे वाट चुकून आलेत. काढतो बाहीर."

७

औंढ्याहून परतीच्या एसटीत कंडक्टर त्याच्यापाशी आला, थांबला, आणि त्याला काही विचारायचं होतं ते विसरल्यासारखा पुढं गेला. संतरामनंही त्याला बोलावलं नाही. घरी पोचलो की सगळं जागेवर येईल, एवढंच तो घोकत होता. माय ओळखील. डोळ्यांनी नाही तर आवाजानं ओळखील. नऊ महिने पोटात वाढवलेलं लेकरू आईला ओळखू येत नाही, असं कुठं असतं काय?

वस्तीत दिवे लागत होते. त्याच्या घराचं दार उघडं होतं, पिठल्याचा वास बाहेर येत होता. मोरीपाशी कुणीतरी पाठमोरं वाकून हात धूत होतं. चांगुणा तांब्यानं पाणी घालत होती आणि हळू आवाजात काहीतरी बोलून हसत होती. त्या हातांवरून ओघळलेलं पाणी दगडावरून उंबऱ्याकडे आलं. पिवळं होतं.

संतरामनं स्वतःचे हात दिव्याच्या उजेडात धरले. नखं स्वच्छ होती. चपलांचे तळवे त्यानं पाहिले नाहीत.

"कोन हाय?" सोजराबाईनं आतून विचारलं. ती चुलीपाशी बसली होती, मान वाकडी करून दाराकडे कान लावून.

"माय," तो म्हणाला. "मी."

"मी म्हंजी कोन, भाऊ?"

नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं. त्याच वेळी मोरीपाशी तो पाठमोरा माणूस खोकला, संतराम खोकायचा तसा, दोनदा, आणि सोजराबाईनं त्या आवाजाकडे मायेनं मान वळवली. ते नाव त्या घरात आधीच बसलेलं होतं.

म्हातारीनं पुन्हा दाराकडे तोंड केलं. तिच्या पडदा आलेल्या डोळ्यांत संशय नव्हता. अनोळखी माणसाला ती कधी भ्यायची नाही, आणि जेवणाच्या वक्ताला दारात आलेल्याला तिनं कधी उपाशी जाऊ दिलं नव्हतं.

"लांबून आला दिसता. या, दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली आणि चाचपडत उठली.

भिंतीला लावलेल्या पाटांतला एक तिनं काढला, पदरानं पुसला आणि फरशीवर मांडला. चांगुणा मोरीकडून तांब्या घेऊन आली. परका पुरुष पाहून तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तांब्या पाटाशेजारी ठेवला आणि नजर वर न करता मागं सरली. तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते.

संतराम उंबऱ्यात उभा राहिला. समोर पाट होता. मोरीकडून ओल्या हातांच्या माणसाची पावलं आत येत होती. त्यानं तिकडे पाहिलं नाही. कालपासून पोटात अन्न नव्हतं, आणि ज्या घरात जन्म काढला त्या घरात त्याच्यासाठी तेवढीच एक जागा मांडलेली होती.

तो बसला.